जिथे घसरतं तिथे तापतं: पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गार ठेवताना

इंजिनाच्या तापमानाचा काटा शेवटपर्यंत मधोमध होता. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ज्यांना ज्यांना मी ही हकीकत सांगितली त्या प्रत्येकाने हेच विचारलं आहे: "काटा बरोबर होता, मग गिअरबॉक्स गेला कसा?"

जून 2016 मधली शनिवारची दुपार. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये पारा 110 अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने 43 सेल्सिअसच्या पुढे. मागे 24 फुटी कॅम्पिंग ट्रेलर, एसी पूर्ण जोरात, आय-17 महामार्गावरून डोंगरातल्या फ्लॅगस्टाफकडे निघालो होतो. ब्लॅक कॅन्यन सिटी मागे पडलं की सनसेट पॉइंटपर्यंत सलग चढ लागतो. त्या चढाच्या मध्यावर इंजिनाचा आवाज चढत गेला आणि ट्रक मात्र मंदावत गेला. पाय दाबावा तेवढे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढत होते, वेग कमी होत होता. मग वास आला. तो वास मी लहानपणापासून ओळखते. जळलेल्या क्लच प्लेटचा वास.

मी कराडची. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, त्यांची बरीच वर्षं कराड-चिपळूण मार्गावर गेली. कुंभार्ली घाट उतरून पोफळीला गाडी थांबली की ते ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचे आणि किती वेळ ठेवता येतो त्यावरून गाडीची तब्येत ठरवायचे. मी गेली 22 वर्षं फिनिक्सजवळ चँडलरला राहते आणि एका मोठ्या इमारतीच्या एसी यंत्रणेची देखभाल करते. उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकणं हे माझं रोजचं काम. तरीही माझ्याच ट्रकच्या गिअरबॉक्सचं तेल उकळत होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण ते मोजायची सोयच मी केली नव्हती. नवीन क्लच, नवा टॉर्क कन्व्हर्टर, मजुरी धरून 3,800 डॉलर गेले. ट्रक 2011 सालचा, व्ही-8 इंजिनाचा, सहा गिअरचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगतेय ते ऑटोमॅटिक पिकअप घेऊन ट्रेलर ओढणाऱ्या सगळ्यांना लागू आहे.

"याला क्लच नाही, मग घसरतं कुठे?"

अण्णा 2018 मध्ये इथे आले तेव्हा ट्रकमध्ये बसल्याबसल्या त्यांनी पहिला प्रश्न हा विचारला. इतका नेमका प्रश्न मला कुठल्या मेकॅनिकने विचारला नव्हता. साध्या गाडीत उष्णता कुठे होते हे ड्रायव्हरला माहीत असतं: क्लच अर्धवट दाबून गाडी चढावर धरून ठेवली की प्लेट घसरते, आणि जिथे घसरतं तिथे तापतं. ऑटोमॅटिकमध्ये पायाच्या क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो (गिअर बदलायला गिअरबॉक्सच्या आत क्लच प्लेटांचे संच असतात, ते वेगळे). बंद डब्यात समोरासमोर पात्यांची दोन चाकं, मध्ये तेल. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेलाला ढकलतं, तेल दुसऱ्या चाकाला ढकलतं. दोघांमध्ये तिसरं लहान चाक असतं, ते परतीच्या तेलाला वळवून जोर वाढवतं. दोन्ही चाकांचा वेग सारखा नसला की फरकाची सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते.

उन्हाळ्यात आई ताक घुसळायची तेव्हा लोणी वर येईना म्हणून रवीजवळ गार पाणी सोडायची, आठवतं? घुसळण म्हणजे उष्णताच. इथे रवीला तीनशे घोड्यांचं इंजिन जोडलेलं आहे.

ही घुसळण थांबवायला कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो. वेग आला आणि जोर कमी लागत असला की तो दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट बांधतो. मग घसरण शून्य, उष्णता जवळजवळ बंद. म्हणजे सगळ्यात जास्त तापतं कधी? सुसाट जाताना नाही. हळू जाताना, भरपूर वजन ओढताना, लॉकअप सुटलेला असताना. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं अर्धं शिक्षण आपोआप होतं.

तेलाचं तापमान बघायची सोय आधी करा

तेल गार करणारा कूलर, महागडं तेल, गिअरबॉक्सच्या तळाचा मोठा पॅन हे सगळं नंतर. आधी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान डोळ्यांसमोर आणा. बऱ्याच ट्रकांत हा आकडा डॅशबोर्डवरच्या मेनूत कुठेतरी लपलेला असतो. मॅन्युअल उघडून शोधा. नसेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी-2 सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातले आकडे वाचायची जागा) ब्लूटूथचा छोटा रीडर लावा आणि फोनवर अ‍ॅप घ्या. 1996 नंतर अमेरिकेत विकलेल्या बहुतेक पिकअपना हे सॉकेट आहे. एक अडचण येते: गिअरबॉक्सच्या तापमानाचा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये आपल्या कंपनीचा संच निवडावा लागतो. माझा रीडर 30 डॉलरचा आहे. तो 2016 च्या आधी घेतला असता तर 3,800 वाचले असते, असं मला मनापासून वाटतं.

आकडे कसे वाचायचे ते सांगते. 175 ते 200 फॅरनहाइट (79 ते 93 सेल्सिअस) ही तेलाची सुखाची जागा. हल्लीच्या काही ट्रकांत कंपनीच मुद्दाम थोडं गरम ठेवते, तेल पातळ राहून डिझेल-पेट्रोल वाचावं म्हणून, त्यामुळे 205 दिसलं तर घाबरू नका. 220 च्या (104 सेल्सिअस) पुढे साधं तेल हळूहळू लाखेसारखा थर सोडायला लागतं. 240 (116) ला रबरी सीलं कडक व्हायला लागतात. 260 (127) च्या आसपास क्लच प्लेटा घसरतात, आणि घसरल्या की आणखी तापतात. माझा ट्रक त्या दिवशी याच फेऱ्यात सापडला. वर्कशॉपमध्ये एक जुना ठोकताळा सांगतात, की योग्य तापमानाच्या वर दर 20 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. नवीन सिंथेटिक तेलं त्याहून चिवट आहेत, तरी दिशा तीच.

मी स्वतःपुरते नियम ठरवले आहेत. 215 पर्यंत चालू द्यायचं. 225 ला काहीतरी बदलायचं: वेग, गिअर, एसी. 240 ला थांबायचं, मग फ्लॅगस्टाफ पाच मैलांवर असलं तरी.

थांबायचं म्हणजे इंजिन बंद करायचं नाही. ही चूक फार जण करतात. सुरक्षित जागी घ्या, पार्किंग ब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन 1,200 ते 1,500 आरपीएमवर चालू ठेवा. न्यूट्रलमध्ये कन्व्हर्टरचं दुसरं चाक मोकळं फिरतं, घुसळण होत नाही, पंप मात्र तेल कूलरमधून फिरवत राहतो. पार्कमध्ये का नाही? कारण काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला कूलरकडे तेलच जात नाही. न्यूट्रल सगळीकडे चालतं. माझा आकडा साधारण दहा मिनिटांत 20-25 अंश उतरतो.

पाय आणि गिअर

अण्णांचा एक नियम सगळ्या एसटी ड्रायव्हरांना तोंडपाठ होता: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिकवाले हे विसरतात, कारण गाडी स्वतःच गिअर टाकते. पण गाडीला पुढचा चढ दिसत नाही. तुम्हाला दिसतो.

टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढण्यासाठीचं बटण ट्रेलर जोडताक्षणी दाबा, घाटापर्यंत वाट बघू नका. त्याने गिअर उशिरा बदलतात, लॉकअप लवकर लागतो आणि टिकतो, उतारावर इंजिन गाडी धरून ठेवतं. तरीही लांब चढावर ट्रक पाचव्यातून चौथ्यात, चौथ्यातून पाचव्यात अशी चुळबुळ करायला लागला, तर हाताने चौथा किंवा तिसरा धरून ठेवा. त्या प्रत्येक अदलाबदलीत लॉकअप सुटतो आणि क्लचचे संच घसरत घसरत धरतात. सनसेट पॉइंटच्या चढावर मी आता उजव्या लेनमध्ये 45-50 मैलांच्या वेगाने, तिसऱ्या गिअरमध्ये, 3,500 आरपीएमच्या आसपास जाते. इंजिन ओरडतं. ओरडू दे. पेट्रोल इंजिनाला तो वेग झेपतो, आणि पाण्याचा पंप, तेलाचा पंप, बेल्टवरचा पंखा असेल तर तोही, सगळे जोरात फिरतात. जास्त आरपीएम आणि लॉकअप लागलेला, हे कमी आरपीएम आणि सुटलेल्या लॉकअपपेक्षा शंभर पटीने बरं.

लॉकअप लागलाय हे ओळखायचं कसं? स्थिर वेगात अ‍ॅक्सिलरेटर अगदी थोडा, अर्धा इंच, दाबा. आरपीएमचा काटा वेगाबरोबरच हळू चढला तर बांधलेलं आहे. काटा एकदम दोन-तीनशेने उडाला आणि वेग मागून आला, तर घुसळण चालू आहे. दोन-तीन फेऱ्यांत हे पायाला कळायला लागतं.

चढावर सिग्नलला किंवा कोंडीत गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबा. अर्धवट क्लचवर गाडी धरण्याचंच हे ऑटोमॅटिक रूप आहे. लांब थांबणार असलात तर न्यूट्रल करा.

एसीबद्दल: कॅलिफोर्नियात बेकरजवळच्या चढावर रस्त्याच्या कडेला पाटीच लावलेली आहे, गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा. कारण नुसतं इंजिनावरचा भार एवढंच नाही. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, आणि घरातली उष्णता जशी बाहेरच्या युनिटमधून बाहेर पडते, तशी केबिनची उष्णता तो नेमकी मागच्या रेडिएटरवर सोडतो. चढाच्या वीस मिनिटांपुरता एसी बंद केला की माझ्या ट्रकचा आकडा 8-10 अंशांनी खाली येतो. मुलं कुरकुरतात. मी खिडक्या उघडते.

आता सगळ्यात धोक्याची जागा, जी घाटात नसतेच. कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर मागे घेताना. पायसन गावाच्या वरच्या अंगाला एका कॅम्पमध्ये खडीच्या चढावर आमची जागा होती. इंच इंच मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वाऱ्याचा पत्ता नाही, लॉकअप नाही, सगळं वजन घसरणाऱ्या कन्व्हर्टरवर. सहा मिनिटांत आकडा 204 वरून 237 वर गेला. महामार्गावर शंभर मैलांत जेवढा चढला नव्हता तेवढा. तेव्हापासून खडीवर किंवा मातीच्या चढावर मागे घ्यायचं असेल तर मी फोर-व्हीलची लो रेंज लावते. लो मध्ये चाकांपर्यंत जाताना वेग कितीतरी पटीने उतरतो, त्यामुळे कन्व्हर्टरला जोर कमी लावावा लागतो आणि घसरण कमी होते. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर मात्र फोर-व्हील लावून वळवू नका, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळी यंत्रणा पिळवटते. तिथे उपाय एकच: कोणीतरी खाली उतरून हात दाखवावा, आणि तीन प्रयत्न झाले की न्यूट्रल करून पाच मिनिटं थांबावं. माझ्याकडे हे काम नवरा करतो. गणपतीत मंडळाचं मखर आणि मंडपाचं सामान शाळेच्या पार्किंगमध्ये मागे घेतानाही हाच नियम. वजन थोडं असतं, पण सप्टेंबरची दुपार आणि तासभर पुढे-मागे, तेवढं पुरतं.

वेळ निवडणं फुकट आहे आणि त्याचा फायदा फार मोठा. कूलर तेलाला गार करतो तो तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. तेल 200 फॅरनहाइटवर आणि हवा 40 फॅरनहाइटवर असेल तर फरक 160 चा. हवा 115 वर असेल तर फक्त 85 चा. म्हणजे तोच कूलर जवळजवळ निम्मंच काम करतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग 31 दिवस पारा 110 किंवा त्याच्या वर गेला. अशा दिवसांत आम्ही पहाटे साडेतीनला चहा घेऊन चारला निघतो आणि ऊन तापायच्या आत चढ संपवतो. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण 1,100 फुटांवर, फ्लॅगस्टाफ सुमारे 7,000 फुटांवर. मध्ये कँप व्हर्डीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा चढायचं, म्हणजे घाट दोन आहेत. दुसरा सूर्याच्या आधी गाठला की दिवस आपला.

वजन खरं किती?

ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं कोरडं वजन विसरा. आमच्या ट्रेलरचं ते 4,300 पाउंड आहे. पाणी, गॅस, भांडी, तांदूळ, सायकली भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर चढवला तेव्हा 5,460 निघालं. काही डॉलरांत हे कळतं. हिचवर (ट्रेलर जोडायच्या सांध्यावर) येणारं वजन एकूणाच्या 10 ते 15 टक्के असू द्या, आणि ट्रकच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेला भार माणसांसकट मोजा. पाण्याची टाकी रिकामी नेऊन कॅम्पवर भरली की तिनेकशे पाउंड कमी होतात.

वेग 65 मैलांच्या खाली ठेवा. उंच चौकोनी ट्रेलरला वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: 60 वरून 70 ला गेलात की त्या झगड्याला जवळजवळ 60 टक्के जास्त ताकद लागते.

कूलर बसवताना

हिच आहे म्हणजे ट्रक ओढायला तयार आहे, हा माझा मोठा गैरसमज. आधीच्या मालकाने हिच बाहेरून बसवून घेतला होता, कूलर नव्हताच. वापरलेला ट्रक घेताना पुढच्या जाळीतून टॉर्च मारून बघा, कंडेन्सरच्या पुढे एखादा छोटा वेगळा रेडिएटर दिसतो का. जनरल मोटर्सच्या त्या पिढीच्या ट्रकांत ग्लोव्हबॉक्समध्ये कोडांची चिकटपट्टी असते, त्यात केएनपी असेल तर कारखान्यातूनच जादा कूलर आला आहे.

जादा कूलर नसलेल्या बहुतेक ट्रकांत तेल रेडिएटरच्या बाजूच्या टाकीतल्या एका नळीतून जाऊन परत येतं. ही सोय वाईट नाही. हिवाळ्यात ती तेल गरमही करते. पण इंजिनाचं पाणीच 200-210 अंशांवर असेल तर तेल त्याखाली कसं जाणार? म्हणून बाहेरचा, हवेवर चालणारा कूलर.

बाजारात तीन जाती आहेत. नळीला पंख लावलेली जात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमजोर. प्लेट आणि पंखांची मधली. एकावर एक रचलेल्या प्लेटांची जात सगळ्यात चांगली: आकार लहान, तेलाला अडथळा कमी, आणि थंडीत तेल घट्ट असेल तर त्याला आतूनच आडवाट मिळते. मी तिसरी घेतली, 140 डॉलरला, ट्रक आणि ट्रेलरच्या एकत्र वजनापेक्षा बरीच जास्त क्षमता लिहिलेली. यात कंजुषी करू नका.

जोडणी मालिकेत करा: गिअरबॉक्समधून तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, तिथून नव्या कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्सला. काही जण रेडिएटर पूर्ण वगळतात. मी वगळत नाही, कारण आम्ही जानेवारीत बर्फातही फ्लॅगस्टाफला जातो आणि गोठलेलं घट्ट तेल गिअरबॉक्सला तापलेल्या तेलाइतकंच नकोसं असतं. परतीची नळी कोणती हे ओळखायला थंड गाडी सुरू करून मिनिटभरात दोन्ही नळ्यांना हात लावा. जी आधी कोमट होते ती गिअरबॉक्समधून बाहेर येणारी. दुसरी परतीची, तीच कापायची किंवा सोडवायची.

कूलर कंडेन्सरच्या पुढे, मध्ये बोटभर जागा सोडून, धातूच्या पट्ट्यांवर बसवा. डब्यात प्लॅस्टिकच्या काड्या येतात, त्या कंडेन्सरच्या पंखांतून आरपार घालायच्या असतात. मी त्या फेकून दिल्या. खडबडीत रस्त्यावर त्या घासतात आणि वर्षा-दोन वर्षांत नळीला भोक पाडतात. एसी दुरुस्तीच्या कामात अशी घासून गेलेली कॉइल मी कितीदा तरी पाहिली आहे. होसपाइप गिअरबॉक्सच्या गरम तेलासाठीच बनवलेला घ्या. पेट्रोलचा पाइप दिसायला तसाच असतो, पण उष्णतेने तडकतो. वळण मोठं ठेवा, कुठे दुमडू नका, एक्झॉस्टपासून लांब न्या, धातूच्या कडेवरून जात असेल तिथे जाड रबरी नळीचा तुकडा चढवा.

आणि जुना गिअरबॉक्स जळून नवा बसवला असेल तर जुना कूलर आणि रेडिएटरही बदला, किमान नळ्या नीट धुवून घ्या. जळलेल्या क्लचचा भुगा तिथे अडकून बसलेला असतो आणि नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतो. माझं काम ज्या दुकानाने पहिल्यांदा केलं त्यांनी हे केलं नाही. नऊ महिन्यांत गिअर झटके देऊन पडायला लागला आणि पुन्हा खोलावं लागलं. काम देताना हे कागदावर लिहून घ्या.

रेडिएटर जुना झाला की आणखी एक संकट संभवतं: आतली नळी फुटून पाणी आणि तेल एकत्र होतं. पाण्याच्या टाकीत किंवा डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या कांडीवर) गुलाबी दुधासारखं काही दिसलं तर गाडी एक मैलसुद्धा चालवू नका, टो करून न्या. कूलंट (रेडिएटरचं पाणी) क्लच प्लेटांवरचा थर उखडून काढतो. रेडिएटर दहा वर्षांचा झाला की मी तो खराब व्हायची वाट बघत नाही.

पंखांमधली धूळ हे इथलं खास दुखणं. जुलै-ऑगस्टच्या पावसाळी वादळांत धुळीची भिंतच शहरावर येते आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या मधल्या फटीत धुळीचा जाड थर साचतो. वर्षातून दोनदा, गाडी थंड असताना, बागेच्या नळाने हलक्या धारेने आतून बाहेर धुवा. प्रेशर वॉशर नको, पंख वाकतात.

तेल

"आयुष्यभर बदलायला नको" असं तेलाबद्दल सांगतात. ट्रेलर ओढणाऱ्यांनी ते कानाआड करावं. मी दर 30,000 मैलांना पॅन उतरवून तेल आणि फिल्टर बदलते. माझ्या ट्रकमध्ये एवढ्याने साधारण निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. हरकत नाही, दोन खेपांत बरंचसं बदलतं. मशीन लावून जोराने धुवून काढणं, विशेषतः तेल पूर्वी कधीच बदललेलं नसेल तर, मला पटत नाही. पॅन उतरवला नाही तर चुंबक दिसत नाही, आणि चुंबक हाच गिअरबॉक्सचा आरोग्य-अहवाल आहे. पॅनच्या तळाच्या चुंबकावर करडी, मलईसारखी पेस्ट असणं ठीक. बोटांत टोचणारे कण, चकाकणारे तुकडे किंवा पितळी चमक दिसली तर पॅन परत लावण्याआधी जाणत्याला दाखवा.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डेक्सरॉन 6 च्या जागी दुसरं, किंवा नव्या दहा-गिअर ट्रकांच्या अति पातळ तेलाच्या जागी जुनं मर्कॉन, असं चालत नाही. "सगळ्यांना चालणारं" असं बाटलीवर लिहिलेलं मी घेत नाही.

गाडी सपाट जागी, जॅक स्टँडवर, तेल कोमट. उकळतं तेल कोपरापर्यंत येतं, थांबा. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवीन घाला. पॅनचे बोल्ट हलके असतात, मॅन्युअलमध्ये त्यांचा आकडा इंच-पाउंडात दिलेला असतो. तो फूट-पाउंड समजून आवळला तर बोल्ट तुटतो. हात भरून येईपर्यंत आवळायची सवय असेल तर इथे ती सोडा. मग इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबा आणि पातळी तपासा. डिपस्टिक असेल तर सोपं. नसेल तर बाजूला तपासणीचं बूच असतं आणि ते ठराविक तापमानाच्या पट्ट्यातच उघडायचं असतं, कारण तेल तापलं की फुगतं. इथे पुन्हा तो 30 डॉलरचा रीडर कामाला येतो. कमी तेलाने पंप हवा ओढतो, जास्त तेल फिरत्या भागांत फेसाळतं, आणि फेसाने ना दाब येतो ना गारवा. दोन्ही सारखेच वाईट.

मधल्या काळात डिपस्टिकचा एक थेंब पांढऱ्या टिशूवर टाकून बघा. लाल किंवा फिकट तांबूस आणि पसरणारा असेल तर छान. तपकिरी, पण वास नाही, तर बदलायची वेळ जवळ आली. काळपट, मधोमध घट्ट डाग आणि जळका वास, तर तेल बदलण्याआधी गिअरबॉक्स दाखवून घ्या.

जुनं तेल गटारात नाही. इथली बरीच सुट्या भागांची दुकानं ते फुकट परत घेतात, झाकणाच्या डब्यात नेऊन द्या.

अण्णा परत गेले त्याआधी एक फेरी मी त्यांना सनसेट पॉइंटपर्यंत नेली, ट्रेलर जोडून. रीडरवर 211 होते. विश्रांतीच्या जागी थांबल्यावर ते खाली उतरले, बोनेट उघडायला लावलं आणि पुढच्या जाळीपाशी, नव्या कूलरच्या मागे तळहात धरून उभे राहिले. गरम हवा हाताला लागत होती. "बाहेर पडतीय," म्हणाले, आणि पाणी प्यायला गेले. मी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून 195 होईपर्यंत थांबले, मग बंद केलं. ट्रक आज 1,63,000 मैलांवर आहे. मार्चमध्ये पॅन उतरवला तेव्हा चुंबकावर फक्त करडी पेस्ट होती. कूलरच्या खालच्या क्लॅम्पपाशी मात्र तेलाचा ओलावा दिसला, तो क्लॅम्प मी बदलला. नवे होसपाइप पहिल्या पाचशे मैलांत थोडे बसतात, तेव्हा तुम्हीही एकदा खाली वाकून सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा.